लेक माहेरी येते, तिचं कार्डही येऊ द्या

(मंडळाच्या महिला मेळाव्यात हळदीकुंकवाच्या कार्यक्रमानंतर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



या व्यासपीठावरून आपण आजवर मराठी शाळांबद्दल बोललो, शिक्षकांच्या रिकाम्या जागांबद्दल बोललो, मतदार याद्यांतून गळालेल्या नावांबद्दल आणि दाखल्यांसाठी माराव्या लागणाऱ्या चकरांबद्दल बोललो. आज आम्हाला बाळंतपणाबद्दल बोलायचं आहे. मागच्या रांगेतली पुरुष मंडळी म्हणतील, हा बायकांचा विषय, मंडळाच्या सभेत कशाला? आमची विनंती एवढीच की शेवटपर्यंत ऐका. शेवटी आम्ही एक ठराव मांडणार आहोत आणि त्याला तुमचेही हात वर हवे आहेत.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. २०२२ सालचा पावसाळा होता. आमच्या थोरल्या लेकीचं सासर पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि आठव्यात आम्ही तिला घेऊन आलो. येताना दोन पिशव्या कपडे आणले, विहीणबाईंनी दिलेले लाडू आणले, बाळाची दुपटी आणली. एक गोष्ट मात्र तिकडेच कपाटात राहिली. तिचं तपासणीचं कार्ड. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत तिचे पाय सुजले. आम्ही म्हटलं, दिवस भरत आले की पाय सुजतातच. मग बोटातली अंगठी निघेना. चेहरा भरला. शेजारणी म्हणाल्या, माहेरचं अन्न अंगी लागलं. आम्हालाही बरं वाटलं. नंतर तिचं डोकं दुखायला लागलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. आम्ही म्हटलं पित्त झालं असेल. बाम चोळला, लिंबू-साखर दिली, उन्हात जाऊ नको म्हटलं. पाऊस पडत होता आणि आम्ही तिला ऊन टाळायला सांगत होतो. आज त्याचं हसू येतं, पण तेव्हा आम्हाला खरोखर काही कळलं नव्हतं.

आमच्या गल्लीतली आशा वर्कर दुसऱ्याच कुणाच्या घरी आली होती. तिनं ओट्यावर बसलेल्या लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, ताई, बीपी कधी मोजलं होतं? लेकीला आठवेना. आशाताई तिला त्याच पावली उपकेंद्रात घेऊन गेली. एएनएम बाईंनी पट्टा बांधला. आकडा आला १५६/१०४. थोडा वेळ बसवून पुन्हा मोजलं, तरी तसाच. लघवीत कागदाची पट्टी बुडवली, तिचा रंग बदलला. लघवीतून प्रथिनं जात होती. बाई म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि आम्ही काय म्हटलं ठाऊक आहे? उद्या नेतो. आज अमावस्या आहे, जावईबापूंना कळवायचं आहे, शिवाय ती तर चालते-बोलते आहे, कुठं दुखत नाही, कळा नाहीत. बाईंनी आमचं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या फोनवरून १०८ लावला. त्या माउलीला आमचं मराठी थोडंथोडंच कळत होतं. पण तो आकडा तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होता.

दवाखान्याचं नाव घेत नाही. तक्रार करायला आम्ही उभे नाही. तिथं डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हिचं बीपी आधी किती असायचं? आमच्याकडे उत्तर नव्हतं. कार्ड कुठं आहे? नदीपलीकडे. हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. बीपी आधीपासूनच वाढलेलं असेल तर तो एक आजार, आणि गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर नव्यानं वाढलं असेल तर तो दुसरा. दोन्हींत काळजी लागते, पण पुढचा अंदाज आणि बाळंतपण कधी करायचं याचा निर्णय वेगळा असतो. आम्ही विहीणबाईंना फोन लावला. जावईबापूंनी कार्डाचा फोटो काढून पाठवला. तिसऱ्या महिन्यात ११०/७०, सहाव्यात ११६/७६, सातवा सरताना १३०/८४. कार्ड मराठीत होतं, डॉक्टर तेलुगू होते. पण आकड्यांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, हे नवीन आहे आणि चढतं आहे, हिला घरी पाठवता येणार नाही.

मंडळी, या आजाराला डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. आमच्यासारख्या अडाण्यांना जेवढं समजलं तेवढं सांगतो. बाळाला आईकडून रक्त पोचवणारी जी वार असते, तिच्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या सुरुवातीलाच नीट रुंदावत नाहीत. वारेला रक्त कमी पडतं. मग तिच्यातून असे पदार्थ आईच्या रक्तात उतरतात की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. म्हणून बीपी वाढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृत बिघडतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि मेंदूवर ताण येतो. शेवटी झटके येतात. आपल्या बोलीत आकडी. जगात शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायांना हा आजार होतो, म्हणजे तो दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली मांडलेल्या हिशोबात जगातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे २७ टक्के रक्तस्रावानं होतात आणि त्याखालोखाल सुमारे १६ टक्के गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीच्या आजारांनी.

आता जुनी माणसं आठवून पाहा. आमच्या घरात एक चुलत काकू होत्या. नदीपलीकडून पहिल्या बाळंतपणाला इथं माहेरी आल्या होत्या. १९६८ सालची गोष्ट. पाय सुजले होते, डोकं दुखत होतं, मग डोळ्यांपुढं अंधारी आली आणि दातखीळ बसून अंग आखडलं. घरच्यांनी देवऋषी आणला. झडपलं म्हणाले, नदीच्या वाटेनं येताना काहीतरी आडवं आलं म्हणाले. काकू गेल्या, बाळही गेलं. त्यांचं नाव आमच्याकडे आजही कुणी मोठ्यानं घेत नाही. लेकीच्या खाटेजवळ बसून डॉक्टरांचं ऐकत असताना आम्हा दोघांनाही एकाच वेळी काकू आठवल्या. काकूंना कुणी झडपलं नव्हतं. त्यांचं बीपी कुणी मोजलं नव्हतं.

दवाखान्यात आम्ही दहा दिवस होतो. ते दहा दिवस कसे असतात तेही सांगितलं पाहिजे, कारण तिथंच घरची माणसं कंटाळून चुका करतात. पेशंट खाटेवर बसलेली असते, हसते, डबा खाते, फोनवर बोलते. दर चार तासांनी बीपी, रोज लघवी, एक दिवसाआड रक्त, बाळाचे ठोके. बीपीच्या गोळ्या सुरू. आम्हाला वाटायचं, गोळ्यांनी आकडा खाली आला ना, मग घरी का सोडत नाहीत? वावरातली कामं खोळंबली होती. तिच्या बाबांनी एकदा डॉक्टरांना विचारलंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आकडा खाली धरतात, आजार थांबवत नाहीत. आजार वारेत आहे, वार बाहेर पडल्याशिवाय तो जाणार नाही. बाळ पोटात जितके दिवस सुखरूप राहील तितकं चांगलं, पण आईला धोका दिसला की त्याच दिवशी मोकळी करायची. सगळं ठीक राहिलं तर सदतीस आठवडे भरेपर्यंत थांबू. आमच्या आजी म्हणायच्या, नऊ महिने नऊ दिवस भरू द्यावेत. या आजारात तो नियम चालत नाही, हे आम्हाला समजून घ्यावं लागलं.

आता त्या वॉर्डातली एक रात्र सांगतो. तिच्यामुळेच हा विषय मंडळात आणावा असं आम्हाला वाटलं.

शेजारच्या खाटेवर डोंगरातल्या एका गुड्यावरची बाई होती. दुसरं बाळंतपण. सोबतीला सासू. दोघींना मराठीच येत होतं, तेलुगू नाही. रात्री दोनच्या सुमाराला सिस्टर आल्या. त्यांनी विचारलं, तलनोप्पी उंदा? म्हणजे डोकं दुखतं का. त्या बाईला प्रश्न कळला नाही. मोठ्या दवाखान्यात आलेला गरीब माणूस न कळणाऱ्या प्रश्नाला मान हलवून मोकळा होतो. तिनं नाही अशी मान हलवली. सिस्टरांनी कागदावर नाही लिहिलं आणि पुढं निघाल्या. इकडे ती सासूला हळूच सांगत होती, आत्या, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, छातीखाली कळ मारते. सासू म्हणाली, झोप, सकाळी बरं वाटेल.

आमची लेक जागी होती. ती इथल्याच शाळेत शिकलेली, तेलुगू तिला आपल्याइतकंच येतं. ती उठून बसली आणि तिनं सिस्टरांना हाक मारून ते सगळं तेलुगूत सांगितलं. सिस्टर धावत मागं आल्या. पट्टा बांधला. १८०/१२०. पाच मिनिटांत डॉक्टर आले, मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली, बीपी उतरवायचं औषध शिरेतून दिलं. त्या बाईला आकडी आली नाही. दुसऱ्या दिवशी ती मोकळी झाली. सिस्टर लेकीला म्हणाल्या, तू नसतीस तर मला कळलंच नसतं. यात सिस्टरांचा दोष आम्ही मानत नाही. एकटी बाई रात्रभर तेवढा वॉर्ड सांभाळत होती आणि प्रश्नही बरोबर विचारत होती. पण प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे भाषा आडवी आली, आणि त्या रात्री मधे उभं राहायला एक पेशंटच होती. ती नसती तर?

या मॅग्नेशियम सल्फेटबद्दल दोन शब्द. हे औषध जुनं आहे आणि स्वस्त आहे. २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेहतीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक बाया त्यात होत्या. हे इंजेक्शन दिलेल्यांमध्ये आकडी येण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढं पाठवण्याआधी पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देता येतो. वाटेत आकडी येण्याचा धोका त्यानं कमी होतो. दिल्यावर अंगात एकदम गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, लेकीलाही तसं वाटलं, घाबरायचं नाही. गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का पाहतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली ते मोजतात. जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन असतं. सिस्टर गुडघ्यावर का ठोकतात म्हणून आम्ही आधी चिडलो होतो, म्हणून हे सांगून ठेवतो.

दहाव्या दिवशी लेकीचा आकडा १७०/११२ वर गेला. तिलाही इंजेक्शनं दिली आणि कळा आणायचं औषध सुरू केलं. रात्री मुलगी झाली. वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. रडली. आम्ही दोघंही रडलो.

सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाले, अजून नाही. बाळंत झाल्यावर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा वर जाऊ शकतं आणि आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते. झालंही तसंच. घरी आल्यावर पाचव्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीचं डोकं दुखलं की वारा लागला म्हणतात, कान बांधतात, शेक देतात. या वेळी आम्ही कान बांधत बसलो नाही, उपकेंद्र गाठलं. आकडा चढलेलाच होता. गोळ्या वाढवल्या. सहा आठवड्यांनी बीपी जागेवर आलं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की ज्या बाईला हा आजार होऊन गेला, तिला पुढं वाढत्या वयात बीपीचा आणि हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिनं दर वर्षी बीपी मोजत राहावं. आणि पुढच्या खेपेला पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना हे सगळं सांगावं, म्हणजे जरूर वाटल्यास बाराव्या आठवड्यानंतर ते अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी सुरू करतील. ती गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही.

आता मंडळाचा आणि या गोष्टीचा संबंध.

आपल्याला लोक विचारतात, तुम्ही महाराष्ट्रातून इथं कधी आलात? आपले जुने लोक सांगायचे, आम्ही आलो नाही, रेघ आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या दिवशी किनवट नांदेडकडे गेलं, राजुराही आधी नांदेडकडे आणि १९५९ साली चांद्याकडे गेला, आणि आपण आंध्र प्रदेशात आलो. २ जून २०१४ पासून आपण तेलंगणात आहोत. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. राज्यं बदलली, जिल्हे बदलले, सोयरीक बदलली नाही. आपल्या लेकी पलीकडे जातात, पलीकडच्या सुना होऊन येतात. आणि पहिल्या बाळंतपणाला लेक रेघ ओलांडून माहेरी येते ती नेमकी सातव्या-आठव्या-नवव्या महिन्यात. हा आजारही बहुतेक वेळा त्याच महिन्यांत डोकं वर काढतो.

म्हणजे पाहा. तिची नोंद एका राज्यात, बाळंतपण दुसऱ्या राज्यात. सहा-सात महिने तिला तपासणारी नर्स तिकडे, आणि इकडच्या आशाताईच्या वहीत तिचं नाव नाही, कारण ती इथली सूनही नाही आणि आता कागदोपत्री इथली लेकही नाही. तिकडच्या नर्सला वाटतं माहेरी गेली, तिथं बघतील. इकडच्या नर्सला ती आल्याचंच ठाऊक नाही. जेव्हा दर आठवड्याला बीपी मोजायला हवं, तेव्हाच दोन्हीकडे ते मोजलं जात नाही. ही सरकारी खात्याची एक फट आहे, पण ती आपल्या रीतीमुळे पडते आणि ती आपल्यालाच दिसते. म्हणून ती बुजवायची सुरुवातही आपण केली पाहिजे.

२०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ होते, महाराष्ट्रात ३३ आणि तेलंगणात ४३. दोन्ही राज्यं देशाच्या मानानं पुढं आहेत. सोयी आहेत. केंद्राच्या २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं, रक्त, शस्त्रक्रिया, जेवण आणि जाण्या-येण्याचं वाहन हे सगळं मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून गरोदर बायांची तपासणी होते. १०८ ची गाडी आपल्याकडे २००५ पासून आहे. दोन्हीकडे एवढं असताना आपली लेक दोन्हींच्या मधे पडली तर ते दुःख जास्त आहे.

घरोघर करायच्या गोष्टी आधी सांगतो. त्यांना निवेदन लागत नाही.

लेक आणायला जाल तेव्हा साडीचोळीच्या आधी कार्ड पिशवीत टाका आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. सून माहेरी पाठवणाऱ्या विहीणबाईंनीही तेच करावं. लेक आली की दुसऱ्या दिवशी इथल्या आशाताईला घरी बोलावून तिचं नाव लिहून घ्यायला सांगा. आठव्या महिन्यापासून दर आठवड्याला बीपी मोजून घ्या आणि आकडा कार्डावर लिहून घ्या. १४०/९० किंवा त्याहून वर गेला की त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० झाला की तासाचाही उशीर नको, १०८ बोलवा. डोकं न थांबता दुखणं, डोळ्यांपुढं काजवे किंवा अंधारी, छातीखाली उजव्या अंगाला कळ, चेहरा-हात अचानक सुजणं, लघवी कमी होणं, दम लागणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एक जरी असलं तरी अमावस्या पाहू नका, जावयाची वाट पाहू नका. बाळंतपणानंतर सहा आठवडे हेच नियम. सरकार देतं त्या कॅल्शियमच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन घ्यायच्या, लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी नाही. मीठ बंद केल्यानं हा आजार टळत नाही, म्हणून गरोदर बाईला अळणी जेवायला घालून छळू नका. आणि आकडी आलीच तर कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, डाव्या कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा. आमच्या घरात आता एक म्हण झाली आहे, आकडा चुकवला की आकडी गाठते.

आता ठराव.

आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत, आणि त्याचे हक्क कागदावर आहेत. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. १९५६ साली केंद्र सरकारनं मान्य केलेल्या संरक्षणांत असं आहे की एखाद्या भागात एखाद्या भाषेचे लोक पंधरा ते वीस टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. आपण हे कलम आजवर शाळांच्या पाट्यांसाठी आणि निवडणुकीच्या याद्यांसाठी काढलं. बाळंतपणातल्या धोक्याच्या खुणा यापेक्षा महत्त्वाची सूचना कोणती?

म्हणून आम्ही मांडतो. पहिलं, मराठी वस्तीच्या मंडळांतल्या प्रत्येक उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात या खुणांचा फलक तेलुगूबरोबर मराठीत आणि जिथं गोंडी-कोलामी वस्ती आहे तिथं त्यांच्याही बोलीत लागावा. जनगणनेच्या तक्त्यांतून मंडळवार मराठी भाषकांचे आकडे काढून समितीनं निवेदनाला जोडावेत. दुसरं, प्रत्येक उपकेंद्रात चालू स्थितीतलं बीपीचं यंत्र आणि लघवीच्या पट्ट्या, आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट कायम असावं, आणि संपलं तर आपल्याला कळवलं जावं. तिसरं, बाहेरच्या राज्यातून बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणीची वेगळी नोंद आशाताईनं घ्यावी, असा आदेश जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी काढावा.

चौथं सरकारकडे मागायचं नाही, आपण करायचं. मंडळानं दोन्ही भाषा येणाऱ्या बायांची एक यादी करावी. कोणत्या गावातली बाई कोणत्या दवाखान्यात आहे हे कळलं की यादीतल्या एकीनं दिवसातून एकदा तिच्या खाटेपाशी जाऊन विचारावं, डोकं दुखतं का, डोळ्यांना नीट दिसतं का, आणि सिस्टरांना सांगावं. रात्री फोन आला तर फोनवर सांगावं. मराठी बाईसाठी करू तसंच गोंड बाईसाठी, लंबाडा बाईसाठीही करू. या यादीत पहिलं नाव आमच्या लेकीचं लिहून घ्या. तिनं ते स्वतः सांगितलं आहे. ती सासरी असते, पण फोन उचलते.

आमची नात आता अंगणवाडीत जाते. घरभर पळते, एका जागी बसत नाही. तिच्या आईचं ते कार्ड आम्ही जपून ठेवलं आहे. अर्ध्या पानांवर मराठी, अर्ध्यांवर इथल्या नर्सबाईंनी तेलुगूत केलेल्या नोंदी, आणि सगळ्या पानांवर आकडे. उद्या कुणी विचारलं की तुम्ही कुठले, तर ते कार्ड दाखवावं असं वाटतं.

ठरावाच्या बाजूनं ज्यांना हात वर करायचे आहेत त्यांनी करावेत. मागच्या रांगेनंही.